स्विच चिप थेट प्रोसेसरच्या मॅकला जोडायची, तर मध्ये फाय हवा का?

वीजवेल
नमस्कार मंडळी. एका कंट्रोलरचा बोर्ड करतेय. प्रोसेसरात गिगाबिट मॅक (इथरनेटच्या फ्रेमा, म्हणजे डेटाची पाकिटं, बांधणारा-उघडणारा भाग) एकच आहे, बाहेर आरजीएमआयआय (मॅकच्या तारा जोडायची एक ठरलेली पद्धत). जॅक मात्र चार हवेत, आणि सॉफ्टवेअरला ते चारही वेगवेगळे दिसायला हवेत. म्हणून पाच पोर्टांची स्विच चिप निवडली. चार पोर्टांना आतच फाय (केबलवरचे संकेत हाताळणारा भाग) आहे, पाचव्याला नुसता आरजीएमआयआय.

आजवर मॅकला नेहमी फायच जोडलाय, त्यामुळे ती जोडणी अंगवळणी पडलीय. इथे मात्र बरेच प्रश्न आहेत. मध्ये फाय लागतो का? टीएक्स टीएक्सला जोडायचं की उलट? क्लॉक कोणी द्यायचा? आणि सगळ्यात जास्त अडलंय ते इथे: डिव्हाइस ट्रीत (लिनक्सला हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलीत) फायचा पत्ता लिहायचा असतो, तो कुठला लिहू? चार फाय तर दिसताहेत, पण प्रोसेसरला जोडलेला त्यातला एकही नाही. लिनक्स चालणार आहे. स्कीमॅटिक अजून हातात आहे, तेव्हा बदल करता येतील.

नुसतावाचक
फाय नको. बाकी जाणकार येतीलच, मी इथेच बसलोय.

रजिस्टरराव
नकोच. तारेवरचे संकेत आणि मॅकचे बिट यांची अदलाबदल करणं एवढंच फायचं काम. तुमच्याकडे मध्ये तारच नाही, बोर्डावरचे चार बोटं लांबीचे ट्रेस आहेत. पाचव्या पोर्टात स्विचचा स्वतःचा मॅक बसलेला असतो, म्हणजे ही जोडणी मॅक ते मॅक आहे.

आरजीएमआयआय आहे हे बरं झालं. एकूण बारा तारा: जाताना चार डेटा, एक कंट्रोल, एक क्लॉक, येताना तेवढ्याच. जो पाठवतो तोच आपला क्लॉक सोबत पाठवतो, म्हणून दोन मॅक समोरासमोर आले तरी क्लॉकवरून तंटा होत नाही. जुन्या एमआयआयमध्ये तो हमखास होतो. तिथे दोन्ही दिशांचे २५ मेगाहर्ट्झचे क्लॉक फाय देतो; दोन मॅक जोडले की दोघंही क्लॉकची वाट बघत बसतात. त्यासाठी बऱ्याच स्विच चिपांत त्या पोर्टाला फायसारखं वागायला लावायची सोय असते. कुठे तिला रिव्हर्स एमआयआय म्हणतात, कुठे फाय मोड.

टीएक्स-आरएक्सचं म्हणाल तर पिनचं नाव वाचून जोडू नका, डेटाशीटमधला दिशेचा रकाना वाचा. फायच्या जगात सगळी नावं मॅकच्या बाजूने ठेवलेली असतात, म्हणून फायवरची टीएक्सडी पिन प्रत्यक्षात इनपुट असते आणि टीएक्स सरळ टीएक्सला जातं. स्विचच्या डेटाशीटमध्ये दोन्ही पद्धती सापडतात. एकाच कंपनीच्या दोन चिपांतही फरक असतो. आउटपुट समोरच्याच्या इनपुटला गेलं पाहिजे, क्लॉक आपल्या डेटासोबत गेला पाहिजे, बस. स्कीमॅटिकवर प्रत्येक नेटला "प्रोसेसर ते स्विच" किंवा "स्विच ते प्रोसेसर" असं नाव द्या. नंतर तपासणारा तुम्हाला दुवा देईल.

आता पत्ता. तिथे कुठलाच पत्ता लिहायचा नाही. प्रोसेसरच्या मॅकला फाय नाहीच, तर पत्ता कुणाचा? तिथे फिक्स्ड-लिंक लिहायचं: वेग १०००, फुल डुप्लेक्स. स्विचच्या पाचव्या पोर्टाच्या नोडमध्येही तेच. फाय असला की दोन टोकं आपसात बोलून वेग ठरवतात. इथे बोलणारं कोणी नाही, म्हणून दोन्ही टोकांना आपण सांगायचं, आणि दोघांना एकच सांगायचं.

वीजवेल
रजिस्टरराव, खूप आभार. शेवटचा परिच्छेद वाचून डोक्यातली गाठ सुटली. मग एमडीआयओच्या (एरवी फायची रजिस्टरं वाचण्या-लिहिण्याच्या) दोन तारा जोडायच्या की नाहीत?

रजिस्टरराव
जोडायच्या, पण काम वेगळं. आता त्या तारा स्विचची रजिस्टरं वाचण्या-लिहिण्यासाठी. व्यवस्थापनाचा रस्ता आणि डेटाचा रस्ता हे दोन वेगळे समजा, बराच घोळ आपोआप मिटतो. कुठल्या चिपला कुठला रस्ता ते मात्र बघावं लागतं. मार्व्हलच्या बऱ्याच चिपा एमडीआयओवर, मायक्रोचिपच्या केएसझेड९४७७ सारख्या एसपीआय किंवा आयस्क्वेअरसीवर, एनएक्सपीची एसजेए११०५ फक्त एसपीआयवर. त्या शेवटच्या चिपेच्या आत फाय नसतात, आणि सुरुवातीला एसपीआयवरून कॉन्फिगरेशन चढवल्याशिवाय ती एक फ्रेमही पुढे ढकलत नाही.

ताम्रपट
लेआउटवाल्याची हजेरी. प्रोसेसर आणि स्विच शेजारी-शेजारी ठेवा. २२ ते ३३ ओहमचे सीरीज रेझिस्टर पाठवणाऱ्याच्या पिनपाशी. जाणाऱ्या सहा तारांचे प्रोसेसरजवळ, येणाऱ्या सहा तारांचे स्विचजवळ. सगळेच्या सगळे एका बाजूला लावलेले बोर्ड मी कितीतरी पाहिलेत.

आणि आय/ओ व्होल्टेज आधी बघा. प्रोसेसरची ती बँक ३.३ व्होल्टवर आणि स्विचचा तो पोर्ट १.८ किंवा २.५ वर असेल तर बाकी सगळी चर्चा व्यर्थ. लांबी जुळवण्याबद्दल नंतर लिहितो.

निशाचरी
मी वेगळं मत मांडते. प्रोसेसर आणि स्विच दोघांकडे एसजीएमआयआय असेल तर आरजीएमआयआयच्या वाटेला जाऊच नका. बारा तारांच्या जागी दोन जोड्या, १.२५ गिगाबॉड, मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर, संपलं. ना क्लॉकचा डिले, ना बारा तारांची मोजमापं, आणि पिना वाचतात त्या वेगळ्याच.

कर्नलकाका
निशाचरी, तारा कमी होतात हे खरं, पण डोकेदुखी हार्डवेअरकडून आमच्याकडे सरकते. एसजीएमआयआयमध्ये फाय आपला वेग त्याच जोडीवरून मॅकला कळवतो. दोन मॅक समोरासमोर आले की दोघंही "सांग, काय वेग?" म्हणून थांबतात आणि लिंक वर येतच नाही. एक तर स्विचच्या पोर्टाला फायची भूमिका घेता आली पाहिजे, नाहीतर दोन्हीकडे ती वाटाघाट बंद करून वेग पक्का करायचा. एका टोकाला चालू आणि दुसऱ्या टोकाला बंद हा प्रकार सगळ्यात वाईट. एका बाजूला लिंक दिसते, दुसरीकडे नाही, आणि माणूस दिवसभर केबली बदलत बसतो.

दोन्हीकडे १०००बेस-एक्स (तशाच दोन जोड्यांची दुसरी पद्धत) असेल तर मॅक ते मॅकसाठी मी तेच घेतो. तिथे दोन्ही टोकं बरोबरीच्या नात्याने बोलतात.

निशाचरी
काका, हे मान्य. तरी सॉफ्टवेअरमधली चूक दुरुस्त करायला बोर्ड परत छापावा लागत नाही, आणि माझं मत त्यावरच उभं आहे.

नुसतावाचक
+१. हे वाक्य लेआउटवाल्यांच्या खोलीत लावायला हवं.

वीजवेल
माझ्या प्रोसेसरात एसजीएमआयआय नाही, त्यामुळे तो पर्याय इथेच मिटला. पण वाचायला मजा आली. ताम्रपट, लांबीबद्दल लिहा ना.

ताम्रपट
लिहितो, आणि यावर माझं मत ठाम आहे. आरजीएमआयआयमध्ये गिगाबिटला क्लॉक १२५ मेगाहर्ट्झ, डेटा दोन्ही कडांवर. म्हणजे पूर्ण चक्र ८ नॅनोसेकंदांचं आणि एक बिट ४ नॅनोसेकंदांचा. क्लॉकची कड बिटाच्या मधोमध पडावी म्हणून क्लॉक सुमारे २ नॅनोसेकंद उशिरा पोहोचायला हवा. नेहमीच्या बोर्डावर संकेताला एक सेंटीमीटर जायला साधारण ६० ते ७० पिकोसेकंद लागतात. आता बघा, डेटाच्या दोन तारांत पूर्ण एक सेंटीमीटरचा फरक राहिला तरी ७० पिकोसेकंद. नियमानुसार पाठवणाऱ्यालाच अर्धा नॅनोसेकंद इकडेतिकडे चालतो. तरीही लोक दशांश मिलिमीटरपर्यंत जुळवायला ट्रेसची नागमोड करत बसतात. त्या वळणांनी शेजारच्या तारांशी कुजबूज वाढते, फायदा काही नाही. सरळ, आखूड, एकाच थरावर, खाली अखंड ग्राउंड. मी एवढंच करतो.

उलट, तो २ नॅनोसेकंदांचा डिले ट्रेसने द्यायचा म्हटलं तर क्लॉकची तार ३० सेंटीमीटर जास्त लांब करावी लागेल. जुन्या बोर्डांवर क्लॉकचं ते वेटोळं दिसतं. आज ते करायची गरज नाही, चिपेच्या आत डिले घालता येतो. कुणाच्या आत घालायचा, तो प्रांत काकांचा.

स्कोपवाला
ताम्रपट, बहुतांशी सहमत. पण क्लॉकच्या तारेबाबत मी कडक आहे. डेटा एकमेकांशी सेंटीमीटरभर चुकला तर चालेल, पण सगळा डेटा आखूड आणि क्लॉक एकटाच दोन थर ओलांडून दूरवरून फिरत आला तर तुमची शिल्लक एकाच बाजूने खाल्ली जाते. आणि चिपेतले डिले तापमानानुसार हलतात. थंडीत चालणारा आणि तापल्यावर फ्रेमा गाळणारा बोर्ड माझ्या टेबलावर येऊन गेलाय.

ताम्रपट
क्लॉकबद्दल तुमचं बरोबर. क्लॉकला व्हाया (एका थरातून दुसऱ्यात नेणारी भोकं) कमीत कमी, आणि सोबतच्या पाच तारांच्याच थरावर.

धडपड्या
थोडं अवांतर, पण याच वाटेवर अडकलोय म्हणून इथेच विचारतो. माझ्याकडे एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर आणि तीन पोर्टांची १०/१०० स्विच चिप आहे, आरएमआयआयने (एमआयआयचा कमी तारांचा प्रकार) जोडलेली. लिनक्स नाही, एलडब्ल्यूआयपी (छोट्या प्रोसेसरांसाठीचं नेटवर्क सॉफ्टवेअर). इथरनेट सुरू करणारं फंक्शन टाइमआउट देऊन परत येतं. अजून एकही फ्रेम गेलेली नाही, फायशी बोलणंही सुरू व्हायचंय, आणि हे त्याआधीच अडकतं. मॅकच बिघडलाय का?

स्कोपवाला
मॅकला काही झालेलं नाही. आरएमआयआयच्या रेफरन्स क्लॉक पिनवर प्रोब लावा. ५० मेगाहर्ट्झ दिसतोय का?

धडपड्या
नाही! सपाट रेघ.

स्कोपवाला
मग तेच. त्या मॅकचा डीएमए (मेमरीशी डेटाची ने-आण करणारा भाग) रीसेट करायला बाहेरचा क्लॉक चालू असावा लागतो. रीसेटचा बिट आपण एक करतो, काम झालं की हार्डवेअर तो शून्य करतं. क्लॉक नसेल तर तो बिट जन्मभर १ वरच राहतो आणि सॉफ्टवेअर वाट बघून थकतं. लिनक्सवरही याच जातीच्या मॅकवर "डीएमए रीसेट झाला नाही" असा संदेश येऊन थांबतं, कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

आरएमआयआयमध्ये ५० मेगाहर्ट्झचा एकच क्लॉक दोघांना लागतो. तो स्विच देऊ शकते, प्रोसेसर देऊ शकतो किंवा वेगळा ऑसिलेटर देतो. देणारा मात्र एकच. तुमची स्विच देऊ शकत असेल तर त्यासाठी बहुधा एक स्ट्रॅप पिन (रीसेटच्या वेळच्या पातळीवरून सेटिंग ठरवणारी) असेल, ती रीसेटच्या क्षणी कुठल्या पातळीला आहे ते बघा. आणि स्विचचा रीसेट प्रोसेसरच्या जीपीआयओवर असेल तर आधी तो सोडा, मग इथरनेट सुरू करा. पीएलएलमधून क्लॉक काढून प्रोसेसरने द्यायचा मोह होतो, पण आरएमआयआयला तो ५० पीपीएमच्या (दहा लाखांत ५०) आत लागतो आणि थरथरही कमी हवी. मी स्विचचा किंवा ऑसिलेटरचाच घेतो.

धडपड्या
स्कोपवाले साहेब, तुम्ही देवमाणूस. स्विचचा रीसेट मी इथरनेट सुरू केल्यावर सोडत होतो. क्रम बदलला, ५० मेगाहर्ट्झ आला, सुरू झालं, पिंगही जातंय.

पण आता विचित्र दिसतंय. पहिल्या जॅकमध्ये केबल असली की सगळं चालतं. दुसऱ्यातही केबल असेल तर तोही चालतो. पहिल्याची केबल काढली की दुसराही मरतो! दुसऱ्याचा दिवा मात्र लुकलुकत असतो.

रजिस्टरराव
धडपड्या, आता तुमचा प्रश्न आणि वीजवेलताईंचा पत्त्याचा प्रश्न एकच झाला, म्हणून सविस्तर लिहितो.

तुमच्या कोडमध्ये फायचा एक पत्ता आहे. तयार मिळणाऱ्या नमुना कोडमध्ये लॅन८७४२ या फायचा ड्रायव्हर असतो आणि तो दर काही वेळाने त्या पत्त्यावरचं स्थितीचं रजिस्टर वाचतो. लिंक आहे? मॅक चालू. लिंक गेली? मॅक बंद. तुमच्या बसवर त्या पत्त्याला उत्तर कोण देतंय? स्विचच्या पहिल्या जॅकचा आतला फाय. म्हणजे बाहेरच्या एका जॅकची हालहवाल विचारून कोड प्रोसेसर आणि स्विचमधला रस्ता चालू-बंद करतोय. हे घरातल्या दोन खोल्यांमधलं दार रस्त्यावरच्या फाटकाला बांधण्यासारखं झालं.

आता एक प्रयोग करा. दोन्ही केबली लावा आणि पहिल्या जॅकला फक्त १० मेगाबिटवर बोलणारं उपकरण जोडा. कोड मॅकचा वेग १० करील, स्विचचा पोर्ट मात्र १०० वरच राहील, आणि दोन्ही जॅक एकदम मरतील. लिंक चालू दिसेल, चालणार काहीच नाही.

उपाय: त्या तपासणीतून मॅकचा वेग आणि चालू-बंद काढून टाका. मॅकला एकदाच १०० आणि फुल डुप्लेक्स सांगा, लिंक कायम चालू धरा. जॅकची स्थिती ॲप्लिकेशनला हवी असेल तर ती वेगळी वाचा, त्यावरून मॅकला हात लावू नका.

धडपड्या
१० मेगाबिटचा प्रयोग केला. अगदी तसंच झालं. कोड बदललं, आता पहिली केबल काढली तरी दुसरा चालू राहतो. ही गोष्ट मला कुठल्याही डेटाशीटमध्ये सापडली नव्हती.

कर्नलकाका
यू-बूटमध्येही (लिनक्सच्या आधी चालणाऱ्या बूटलोडरमध्ये) हाच प्रकार होतो. त्याला पत्ता दिला नाही तर तो बसवर शोधत सुटतो आणि जो पहिला उत्तर देईल त्याला आपला मानतो. त्यामुळे नेटवर्कवरून बूट फक्त एका ठरावीक जॅकवरून होतं, आणि कारखान्यातले लोक बोर्डावर चिकटपट्टी लावून "इथेच केबल लावा" असं लिहून ठेवतात. वीजवेल, तिथेही फिक्स्ड-लिंकच.

अजून एक. मार्व्हलच्या स्विच चिपा एमडीआयओवर दोन तऱ्हेने बसतात. एका तऱ्हेत बसवरचे कितीतरी पत्ते एकटी चिपच व्यापते, दुसरीत फक्त एक पत्ता घेते आणि त्यामागून आडवाटेने रजिस्टरं वाचायची. बसवर एकूण पत्तेच ३२. त्याच बसवर दुसऱ्या मॅकचा फाय असेल तर पत्ते भिडतात. शिवाय काही फाय शून्य हा पत्ता सगळ्यांसाठीचा मानून त्यालाही उत्तर देतात. दुसरा फाय असेल तर त्याला शून्य देऊ नका.

वीजवेल
काका, माझ्या बसवर स्विच एकटीच आहे. चार जॅक वेगवेगळे दिसायला डीएसए (स्विच चिप हाताळायची लिनक्समधली सोय) वापरायचं ना?

कर्नलकाका
हो. लिनक्समध्ये ते २००८ सालच्या २.६.२८ पासून आहे, आज बहुतेक नावाजलेल्या चिपांना ड्रायव्हर तयार आहेत. स्विच प्रत्येक फ्रेमला एक छोटा टॅग लावते, "ही तिसऱ्या पोर्टातून आली". कर्नल तो टॅग काढतो आणि फ्रेम त्या नावाच्या इंटरफेसवर देतो. जाताना उलट. तुम्हाला लॅन१ ते लॅन४ असे चार इंटरफेस दिसतात आणि प्रोसेसरचा मूळ मॅक नुसती पालखी वाहतो. त्याला आयपी पत्ता द्यायचा नाही.

दोन ठिकाणी ठेच लागते. टॅगमुळे फ्रेम लांबते. मार्व्हलचा टॅग ४ किंवा ८ बाइटचा. पूर्ण लांबीची १५१८ बाइटची फ्रेम ४ ने वाढून १५२२ होते. मॅकचा ड्रायव्हर तेवढी घेत नसेल तर छोटे पिंग जातात, लॉगिनही होतं, आणि फाइल पाठवायला घेतली की सगळं थिजतं. १४७२ बाइटचं पिंग करून बघा, लगेच कळतं.

दुसरं, चेकसम. बरेच मॅक आयपी-टीसीपीचा चेकसम हार्डवेअरमध्ये काढतात. मार्व्हलचा टॅग स्रोत पत्त्याच्या लगेच नंतर, म्हणजे इथरटाइपच्या आधी बसतो. मॅकला ती फ्रेम ओळखता येत नाही, आणि चुकीच्या किंवा रिकाम्या चेकसमने ती बाहेर पडते. अशा वेळी ते काम मॅककडून काढून सॉफ्टवेअरला द्यायचं. केएसझेडचा टॅग शेपटीला असतो, त्याची तऱ्हा वेगळी: चेकसम टॅग चिकटवण्याआधी झालेला असावा लागतो.

निशाचरी
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. वीज आल्यावर कर्नल उभा राहीपर्यंत स्विच काय करते? बऱ्याच चिपा रीसेटनंतर साध्या बिनडोक स्विचसारख्या चालू होतात: चारही जॅक एकमेकांना खुले. एक जॅक बाहेरच्या जाळ्याला आणि तीन आतल्याला असतील तर बूट होईपर्यंत दोन्ही जाळी सरळ जोडलेली. आणि जॅक वळसा घालून एकमेकांना जोडले असतील तर वादळच. एका जागी अशा कंट्रोलरांचं कडं केलं होतं. वीज गेली आणि परत आली की लूप तोडणारा प्रोटोकॉल चालू व्हायच्या आत ब्रॉडकास्ट फ्रेमा गोल-गोल फिरून सगळं कोंडायच्या. आधीपासून चालू असलेली उपकरणंही प्रतिसाद देईनाशी व्हायची.

वीजवेल, स्ट्रॅपने पोर्ट बंद ठेवून उठवायची सोय असेल तर ती वापरच. नसेल तर स्विचचा रीसेट खाली ओढून ठेव आणि सॉफ्टवेअर तयार झाल्यावर सोड.

वीजवेल
हे माझ्या डोक्यातच नव्हतं. स्ट्रॅप आहे. पण ती पिन एका एलईडीसोबत वाटून घेतलीय.

स्कोपवाला
मग एलईडीची दिशा आणि रेझिस्टरची किंमत दोन्ही तपासा. रीसेट सुटतो त्या क्षणी पिनवर किती व्होल्ट आहेत ते मोजा. आत कमजोर पुल-अप आणि बाहेर एलईडी असं असलं की पिन अधांतरी पातळीवर राहते, आणि दहातले नऊ बोर्ड बरोबर उठतात, दहावा नाही.

नुसतावाचक
माझाही एक प्रश्न. प्रोसेसर तयार मॉड्यूलवर असेल आणि फाय त्या मॉड्यूलवरच असेल तर? मॅकच्या तारा बाहेर येतच नाहीत.

रजिस्टरराव
तिथे नाइलाजाने फाय ते फाय. मॉड्यूलच्या चार जोड्या स्विचच्या एका जॅक-पोर्टाला जोडायच्या. मध्ये ट्रान्सफॉर्मर किंवा एकाच बोर्डावर असाल तर नुसते कपॅसिटर. कपॅसिटर वापरताना फायचा ड्रायव्हर व्होल्टेज जातीचा आहे की करंट जातीचा ते बघा. करंट जातीच्याला ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकातून वीज मिळत असते. ट्रान्सफॉर्मर काढलात तर ती रेझिस्टरांमधून द्यावी लागते. चालतं चांगलं, पण एक जॅक-पोर्ट खर्ची पडतो आणि दोन फाय विनाकारण तापतात. तिथे मात्र फिक्स्ड-लिंक लिहायचं नाही, कारण दोन फाय खरोखर आपसात बोलतात.

वीजवेल
मंडळी, बोर्ड आला! स्विच एमडीआयओवर ओळखली गेली, लॅन१ ते लॅन४ दिसले, चारही जॅकवर लिंक येते. फिक्स्ड-लिंक दोन्हीकडे १०००. पण पिंग नाही. टीसीपीडंपमध्ये एआरपीची विचारणा जाताना दिसते, उत्तर येत नाही. दोन्हीकडचा वेग १०० केला तर सगळं सुरळीत. काय पाहू?

स्कोपवाला
१०० वर चालतं आणि १००० वर नाही, म्हणजे तारा बरोबर जोडल्यात आणि डिले चुकलाय. १०० वर क्लॉक २५ मेगाहर्ट्झचा आणि तोच डेटा दोन्ही कडांवर, त्यामुळे डिले नसला तरी निभतं. गिगाबिटला कुठल्या दिशेला चुकलंय ते आधी शोधा. स्विचच्या पाचव्या पोर्टाचे आणि प्रोसेसरच्या मॅकचे, दोघांचे एरर काउंटर पाठवा.

वीजवेल
ईथटूलने पाहिलं. पाचव्या पोर्टावर आत येणाऱ्या फ्रेमा मोजल्या जाताहेत, एफसीएस एरर (बिघडलेल्या फ्रेमा) शून्य. प्रोसेसरच्या मॅकवर मात्र सीआरसी एरर (तेच, वेगळ्या नावाने) प्रत्येक पिंगसोबत एक-एकने वाढतोय.

स्कोपवाला
सुंदर, निदान झालं. प्रोसेसर ते स्विच ही दिशा चोख आहे. स्विच ते प्रोसेसर या दिशेला क्लॉक आणि डेटा एकदम बदलताहेत.

कर्नलकाका
डिव्हाइस ट्रीत फाय-मोड आरजीएमआयआय-आयडी लिहिलंय का? त्याचा अर्थ "दोन्ही दिशांचा डिले समोरचा घालेल". समोर फाय असतो तेव्हा तो बिनबोभाट घालतो. समोर स्विच असली की दोन्ही टोकांचे ड्रायव्हर आपापला अर्थ लावतात. कधी दोघंही घालतात, मग २ अधिक २ म्हणजे ४ नॅनोसेकंद होऊन कड थेट पुढच्या बदलावर पडते. कधी कोणीच घालत नाही. तुमच्या स्विचने येणाऱ्या क्लॉकला डिले घातलाय, जाणाऱ्याला नाही.

पाचव्या पोर्टाच्या नोडमध्ये टीएक्स-इंटर्नल-डिले-पीएस २०००, आरएक्सचंही २०००, असं स्पष्ट लिहा. ड्रायव्हर ते मानतो का ते रजिस्टर वाचून खात्री करा, काही ड्रायव्हर अजून नुसता फाय-मोडच बघतात. प्रोसेसरच्या बाजूला डिले बंद असल्याचंही रजिस्टरातच बघा.

वीजवेल
झालं! टीएक्सचा डिले लिहिल्यावर सीआरसी एरर थांबले. १४७२ चं पिंगही जातंय. रजिस्टर वाचलं, बिट खरोखर चढलाय. आयपर्फ (सतत डेटा पाठवून बघणारी चाचणी) रात्रभर लावून ठेवते.

स्कोपवाला
लावा, पण बोर्ड गरम आणि थंड करूनही. आणि चिप परवानगी देत असेल तर डिले दोन्ही बाजूंना एक-एक पायरी सरकवून बघा, एरर कुठून कुठपर्यंत येत नाहीत. खिडकीच्या मधोमध बसलात का ते त्यातून कळतं. आज एरर नाही एवढ्यावरून ते कळत नाही.

वीजवेल
पायऱ्या आहेत. तापवून-गार करून मग आकडे टाकते.

धडपड्या
वीजवेलताई, अभिनंदन! काका, शेवटचं एक. माझी स्विच पुढे लिनक्सवर नेली आणि व्यवस्थापन एसपीआयवरून केलं, तर फिक्स्ड-लिंक तिथेही लागेल का?

कर्नलकाका
लागेल. रजिस्टरं कुठल्या रस्त्याने लिहिता याचा त्याच्याशी संबंध नाही. स्विचचा नोड एसपीआयच्या खाली जाईल, आतले फाय स्विचच्या स्वतःच्या एमडीआयओ नोडखाली, आणि प्रोसेसरकडच्या पोर्टात मॅकचा संदर्भ आणि फिक्स्ड-लिंक १००. मॅकच्या नोडमध्येही १००. जुन्या कोडमधला फायचा पत्ता मात्र तिथे चुकूनही नेऊ नका.